पाटावर कोण बसणार

तीर्थपुरीच्या तातेरावांना शेती होती, पण शेतात ते पाहुण्यासारखे जायचे. त्यांचा सगळा जीव सोयरिकी जुळवण्यात. धंदा म्हणावा तर त्यात मिळकत नव्हती. मिळायचा तो मान. नवरीकडचा फेटा, नवऱ्याकडचं उपरणं आणि पंगतीत व्याह्यांच्या शेजारचा पाट, एवढ्यावर माणूस खूश. पहिली सोयरीक त्यांनी एक्क्याऐंशी साली जुळवली, तीही चुकून. अंबडच्या बाजारात बैलावरून भांडणाऱ्या दोन शेतकऱ्यांची समजूत घालायला ते मध्ये पडले, आणि दिवस मावळायच्या आत एकाची मुलगी दुसऱ्याच्या मुलाला देऊन मोकळे झाले. बैल कुणीच घेतला नाही. लग्न मात्र टिकलं.

तेव्हापासून घनसावंगी ते भोकरदन कुणाचा मुलगा नोकरीला लागला, कुणाची सासू खाष्ट आहे आणि कुणाच्या विहिरीला पाणी किती, हे तलाठ्याआधी तातेरावांना कळायचं. बाहेर त्यांचा शब्द पडायचा नाही. घरात मात्र त्यांचं हसू झालं होतं, कारण सख्ख्या भाचीची सोयरीक त्यांना जुळवता येत नव्हती.

भाची म्हणजे बेबीनंदा. बहिणीची मुलगी, अंबडला शाळेत मास्तरीण. शिकवायला कडक, बोलायला त्याहून कडक. कौसल्या नावाच्या नर्सबाईबरोबर ती एका भाड्याच्या खोलीत राहायची. मामानं आणलेलं एक स्थळ तिनं फार बोलतो म्हणून नाकारलं, दुसरं बोलतच नाही म्हणून. तिसऱ्याबद्दल तर म्हणाली, "माणूस चांगला हाय मामा, कुणाला तरी द्या." तातेराव यष्टीत बसून परत यायचे ते सगळी वाट स्वतःशीच पुटपुटत.

शहाण्णव साली मात्र त्यांच्या डोक्यात अशी युक्ती आली की ते एकटेच हसले. पोरीची अडचण काय? तर मैत्रीण सोडवत नाही. मग सोडायची कशाला? दोघींना एकाच घरात देऊ! दोन सख्खे भाऊ बघायचे, दोघी जावा-जावा होतील आणि जन्मभर एका चुलीपुढं बसतील. राजूरकडचं असं घर त्यांनी हुडकलं आणि दोघा भावांना घेऊन अंबडला हजर झाले.

कौसल्यानं पोहे केले. भाऊ खाली बघून खात होते. मुलीला विचारायचे ते नेहमीचे प्रश्न तातेरावांनी सुरू करायच्या आत बेबीनंदानंच थोरल्याला विचारलं, "तुमचं दोघा भावांचं पटतं का?"

"पटतं की," थोरला म्हणाला. "फक्त विहिरीची पाळी हा बराबर देत न्हाई."

"मी देत न्हाई?" धाकट्याच्या हातातली बशी थांबली. "मोटर कोण काढून नेल्ती?"

पोहे संपेपर्यंत विहीर संपून बांध निघाला, बांधावरून बाभूळ निघाली, आणि दोघं भाऊ तिथून उठले ते वेगवेगळ्या यष्टीनं राजूरला गेले. दोघी पदर तोंडाला लावून हसत होत्या. तातेराव तेवढे घाम पुसत होते.

"बघितलं का मामा?" बेबीनंदा म्हणाली. "एका आईच्या पोटचे एका गाडीत बसत न्हाईत. अन् आम्ही एवढी वर्षं एका खोलीत राहून राह्यलो. आता स्थळं बंद करा. नुसतं जेवायला येत जा."

तातेरावांनी स्थळं बंद केली, आणि खरंच नुसते जेवायला जाऊ लागले. कौसल्या त्यांना आग्रह करून वाढायची. तिच्या हातचं वांग्याचं भरीत इतकं चांगलं असायचं की नसते प्रश्न त्यांना आठवतच नसत. आठवू द्यायचे नव्हते, असंही म्हणा.

दोन हजार नऊच्या आषाढात दिल्लीच्या कोर्टाचा निकाल आला. दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी आपखुशीनं एकमेकांवर जीव लावला तर तो गुन्हा धरू नये, एवढंच कोर्ट म्हणालं होतं. लग्नाबद्दल अवाक्षर नव्हतं. पण आपल्या लोकांना जीव लावणं समजत नाही, लग्न समजतं. त्यामुळं रखमाजीच्या हॉटेलात चहा उकळेपर्यंत मांडवसुद्धा पडला. त्यात टीव्हीवरची बाई विचारू लागली की अशा लग्नांना कायद्यानं मान्यता द्यावी का, हो का नाही ते मोबाईलवरून कळवा. पेरणी होऊन सगळा गाव आभाळाकडं बघत रिकामा बसला होता. त्याला असा विषय मिळाल्यावर काय विचारता.

"थांबा," रखमाजी मोबाईल हातात धरून म्हणाला. "आधी तातेरावांना इचारू. लग्नातलं त्यांना कळतं. तातेराव, दोघंबी नवरदेवच असले तर हळद आधी कोणाला लावायची?"

"अन् पाय कोणी कोणाचे धुवायचे?" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. "दोन्हीकडं वरमाईच!"

आपल्या विषयातलं कुणी विचारलं की तातेरावांना गप्प बसवत नसे. त्यांनी बशी खाली ठेवली. "दोन नवरदेवांचं लग्न लागायचंच न्हाई. कायदा काहीबी म्हणू द्या. काहून? दोन्हीकडं वरपक्ष. दोन्हीकडचे रुसून बसणार, अन् समजूत घालायला कोणीच न्हाई. अक्षता हातातल्या हातात राहतील."

"अन् दोघीबी नवऱ्याच असल्या तर?"

"त्याचं बराबर जमंल." तातेराव रंगात आले. "दोन्हीकडं नवरीवाले. सगळेच हात जोडून उभे. भात गार हाय असं कोणी म्हणणार न्हाई, गादी पातळ हाय म्हणून कोणाचा काका उठून जाणार न्हाई. लग्न मुहूर्तावर लागंल, जेवणं जल्दी होतील. खरं सांगतो, मी जुळवलेल्या एका लग्नात असं सुख पाह्यलं न्हाई."

हॉटेल खदखदून हसलं. रखमाजी म्हणाला, "मंग मी हो दाबू का?"

"दाबू नको!" तातेराव एकदम ओरडले. "चेष्टा करून राह्यलो मी."

ओरडले, कारण बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांपुढं अंबडची खोली उभी राहिली होती. ते तसेच उठून घरी आले. बायकोनं, दुर्गाबाईंनी, ताट वाढलं आणि हॉटेलात काय झालं ते विचारलं. त्यांनी सांगितलं, पण हसले नाहीत.

"लोकाचं जुळवता जुळवता तुमची नजर गेली," दुर्गाबाई म्हणाल्या. "बेबीचं लग्न झालेलं हाय. कव्हाच. आपल्याला पत्रिका आली न्हाई, एवढंच."

"गप," तातेराव म्हणाले. पण त्या जेवणात भाजीला मीठ नव्हतं, ते त्यांना समजलं नाही.

पुढची अडचण श्रावणात आली. बेबीनंदा आणि कौसल्यानं मिळून अंबडला घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं तुळस लावायला जागा. कौसल्या देवभोळी, वास्तुशांत केल्याशिवाय ती नव्या घरात पाणी प्यायला तयार नव्हती. पूजेला जोडपं बसवायचं असतं, आणि इथंच बेबीनंदाचा भाऊ संपत पुढं झाला. "ताईला मालक न्हाई. मी अन् माझी बायको बसू पाटावर," असं त्यानं परस्पर गावभर सांगून टाकलं. घर बघायला आला तेव्हा मागची खोली त्यानं दोनदा उघडून पाहिली आणि आपल्या मुलाच्या शिक्षणाला ती बरी पडेल असंही बोलून गेला.

बेबीनंदा त्याच दिवशी तीर्थपुरीला आली. एवढी कडक मास्तरीण, पण मामापुढं तिनं विनवणीच केली.

"मामा, पूजेला जो बसंल त्याचं घर. लोक तसंच धरतात. उद्या संपत म्हणंल, वास्तू मी घातली, ही नर्स कोण? कौसल्यानं विटांवर पाणी मारलंय मामा, ड्यूटी करून येऊन. अन् तिनं पूजेच्या दिवशी आत पुऱ्या तळायच्या?"

"मंग मी काय करू?"

"संपत तुमचंच ऐकतो. तुम्ही सांगाल ते."

तातेरावांनी नुसतं 'बघू' म्हटलं. दिवाळीनंतरच्या तीन सोयरिकी त्यांच्या हातात होत्या. भाचीच्या पाटावर त्यांनी भलतंच काही केलं, तर उद्या त्यांना कोण दारात उभं करणार? घरात पोरगी असलेली माणसं आधी मध्यस्थाचं घर बघतात. एवढा मिळवलेला मान एका सकाळी जाणार होता.

पूजेच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. रखमाजीही आला होता, म्हणजे जे होईल ते रात्रीपर्यंत तीर्थपुरीत पोचणार हे नक्की. संपत नवं धोतर नेसून, बायकोला शेजारी घेऊन, कुणी बोलवायच्या आत पाटावर बसलेला. बेबीनंदा भिंतीला टेकून उभी. कौसल्या खरंच आत पुऱ्या तळत होती.

"यजमानीणबाई म्हणतात भाऊ नको," गुरुजी चाचरत म्हणाले. "तसं असेल तर दुसरी सोय आहे. त्या एकट्या बसतील, शेजारी मालकांच्या जागी सुपारी मांडू."

"मी बसलेला असताना सुपारी कशाला?" संपत म्हणाला. "मामा, सांगा तुम्ही."

सगळ्या माना तातेरावांकडं वळल्या. बेबीनंदानं मात्र मान खाली घातली. तिनं आशा सोडली होती, आणि ते तातेरावांना दिसलं. उभ्या मुलखाच्या पोरींना घर मिळवून देणारा मामा. याच पोरीनं स्वतः मिळवलेलं घर तिच्या हातून जाताना तो बघत बसणार होता.

"सुपारी बिलकुल न्हाई," तातेराव म्हणाले. "जित्तं माणूस घरात असताना सुपारी कशाला? कौसल्याबाई, गॅस बंद करा अन् बाहेर या."

कौसल्या हाताला पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

"संपत, ऊठ."

"मी काहून उठू? भाऊ हाय मी!"

"म्हणून तर. भावाचं काम पाटावर बसायचं न्हाई. लग्नात नवरीचा भाऊ काय करतो? नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, असं बजावतो, अन् टॉवेल-टोपी घेतो. त्यातलं तुझं राह्यलंय. ऊठ अन् मागं उभा राह्य."

कुणी हसलं नाही. आधी उठली ती संपतची बायको. तिनं पाट पदरानं पुसून कौसल्याला जागा केली. मग संपतला एकट्याला बसून राहणं अवघड झालं. दुर्गाबाईंनी दोघींच्या पदरांची टोकं उचलली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "बांधा," त्या म्हणाल्या. इतक्या लग्नांच्या गाठी जवळून बघितलेला माणूस, पण स्वतःच्या हातानं बांधायची ही पहिलीच. कशीबशी बांधली.

"नावं?" गुरुजींनी विचारलं. त्यांना जालन्याची दुसरी पूजा गाठायची होती.

तातेरावांनी दोन्ही नावं सांगितली, मोठ्यानं, रखमाजीला नीट ऐकू जातील अशी.

संपत चपला घालत होता. तेवढ्यात पाटावरून कौसल्या म्हणाली, "संपतभाऊ, कान राह्यला ना माझा."

संपत थांबला. आला. रागानं पिळला का आणखी कशानं, ते त्याचं त्यालाच ठाऊक, पण असा करकचून पिळला की कौसल्या 'आई गं' करून ओरडली. तशी बेबीनंदा ताडकन उठली. पदराला गाठ आहे याचं तिला भान नव्हतं. कौसल्याही तिच्याबरोबर अर्धी ओढली गेली.

"हळू ना रे!" ती भावावर खेकसली. "माझं माणूस हाय ते!"

इतक्या वर्षांत हे तिनं कुणापुढं म्हटलं नव्हतं. आता साऱ्या पाहुण्यांनी ऐकलं, आणि म्हणून झाल्यावर तिचं तिलाही ऐकू आलं. गुरुजी म्हणाले, "बसा, बसा, मुहूर्त चाललाय," आणि दोघी जोडीनं खाली बसल्या.