‘काय खटकलं?’ विचारणारे माणिकअण्णा

माणिकअण्णांची आणि माझी ओळख एका टवाळीतून झाली. बंगळूरच्या शिवाजीनगरात त्यांच्या वडिलांचा शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर अण्णांनी तिथे आजच्या चित्रकारांचं संग्रहालय काढलं. मी मराठी मंडळाच्या अंकात लिहिलं, की पूर्वी इथे निदान मापाचं काही मिळायचं. आठवड्याने अण्णांचा फोन. मी माफीची वाक्यं जुळवत होतो. ते त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "स्वल्प कमीच लिहिलंत. या, वही ठेवलीय."

ती वही दाराशीच असते. तिच्यात एकच रकाना : ‘काय खटकलं?’ कौतुकाला जागाच नाही. प्रत्येक तक्रारीखाली अण्णा स्वतः उत्तर लिहितात. बहुधा ‘दुरुस्त करतो’, क्वचित ‘खटकू दे’. एखाद्या चित्राबद्दल वर्षभर तक्रार आली नाही, तर ते उतरवून शाळेला देतात. चित्रकार रुसतात. अण्णांचं म्हणणं, सवय झाली की चित्राचं कॅलेंडर होतं.

एकदा आनेकलच्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ आईला घेऊन आले. आजींना लिहिता येत नव्हतं. अण्णांनीच पेन उघडलं आणि कन्नडमध्ये विचारलं, काय खटकलं? आजी म्हणाल्या, एवढं मोठं घर बांधलंत, पण आल्यागेल्याला बसा म्हणायची रीत नाही. अण्णांनी शब्दन्‌शब्द उतरवून घेतला. पुढच्याच आठवड्यात जुन्या शिलाईटेबलांच्या फळ्यांचे बाक आले. आजी पुन्हा आल्या, तेव्हा त्यांना बसवून अण्णांनी स्वतः कॉफी आणून दिली. स्वतः मात्र त्या बाकांवर कधी टेकले नाहीत. गळ्यात वडिलांची मापाची टेप, आणि चित्रं बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवणं चालू.

यंदा अण्णांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विश्वस्तांनी सुचवलं, की लोकांची आवडती चित्रं आता कायमची लावावीत. आणि देणगीदार वहीला बिचकतात, म्हणून ती बंद करावी. अण्णा नुसतं "सरी", म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणाले म्हणे. स्तुती सुरू झाली की घड्याळ बघणारे अण्णा, आणि "सरी"? मला चैन पडेना. या लेखाच्या तीन सुरुवाती मी फाडल्या. तिन्हींत अण्णा ‘होते’ असं लिहून बसलो होतो.

परवा शेवटी गेलोच. तिकिटाच्या खिडकीत त्यांच्या थोरल्या बहीण, रुक्माअक्का होत्या. म्हणाल्या, "आत बसलाय. बसलाय, कळलं ना?"

खरंच अण्णा बाकावर बसले होते. गळ्यात टेप नव्हती. मी तसाच दाराशी परतलो, वहीत लिहिलं, ‘अण्णा बसलेले दिसले’, आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

तीन शब्द वाचायला इतका वेळ लागत नाही. मग अण्णांनी माझ्याच खिशातलं पेन काढून खाली लिहिलं, ‘दुरुस्त करतो’. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "मला नको धरू. टेप आण. समोरचं वाकडंय." इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी मला अरे-तुरे केलं.

विश्वस्तांची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. वही अण्णांच्या काखेत असेल, असं रुक्माअक्कांनी कळवलंय.

माणिकअण्णांना दोन्ही गुडघ्यांसह शंभर वर्षं लाभोत, आणि त्यांतली एकही न खटकता जाऊ नये. हा लेख त्यांना आवडलाच, तर त्यांनी तो उतरवून एखाद्या शाळेला द्यावा.