कालबाह्य ठरलेले बारा संगणक

भिवंडीतल्या आमच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी विभागप्रमुखांनी माझ्यापुढे एक फॉर्म सरकवला. प्रयोगशाळेतले बारा संगणक 'कालबाह्य' झाल्याने मोडीत काढावेत, असं त्यात होतं. प्रयोगशाळा माझ्याकडे, म्हणून खाली सही माझी हवी होती. नव्या संगणकांच्या उद्घाटनाचे पाहुणे ठरले होते, हारतुरे ठरले होते, फक्त संगणक यायचे होते. इकडे तिसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा आठ दिवसांवर. जुने गेले आणि नवे आले नाहीत तर मुलांनी परीक्षा कशावर द्यायची, यावर सरांचं उत्तर होतं, "होईल हो सगळं."

संगणक रखडत होते, हे खरं. लंबकाचा साधा आलेख येईपर्यंत चहा पिऊन होई. पण रखडतो म्हणून मोडीत काढायचं, तर आमच्या विभागात सुरुवात यंत्रांपासून झाली नसती. आधी बघते, मग सही, असं मी म्हटलं.

पहिल्या संगणकावर काय काय चालू आहे त्याची यादी उघडली. आलेख काढणारं सॉफ्टवेअर पडद्यावर कुठेच नव्हतं. यादीत मात्र त्याचं नाव सव्वीस वेळा होतं. मुलं प्रोग्रॅम चालवत, दर वेळी आलेखाची नवी खिडकी उघडे, जुनी तशीच मागे राही. शेवटी घाईत फुली दाबून सगळे पसार. खिडक्या दिसेनाशा होत, मागचं काम मेमरी अडवून बसे.

"मावशी, संगणक रोज बंद होतात ना?" मी प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंना विचारलं. त्या पडघ्याहून येतात, कामाला चोख.

"मी सोता बंद करतंय. काळा झाल्याबिगर हलत न्हाय."

"काय काळा?"

"पडदा. सरांनी कागद लावलाय ना, पडदे बंद करूनच जावा."

कागद होता. वीज वाचवण्याचं आवाहन, खाली सरांची सही, तीवर शिक्का. पडद्यामागच्या संगणकाबद्दल त्यात अक्षर नव्हतं, म्हणून तो कित्येक महिने अखंड चालू होता.

मागे उभी असलेली एक विद्यार्थिनी हसली. तिच्या घरी कापड विणायचे लूम आहेत. "म्हणजे मॅडम, कारखान्याची लाईट घालवली, लूम चालूच."

इतकं सोपं मलाही सांगता आलं नसतं. यादीतली ती सव्वीस कामं संपवली; आलेख झटकन आला. मग उरलेले अकरा. मुलांच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीलाच मागे राहिलेली जुनी कामं बंद करायची ओळ घातली, आणि संगणक नीट कसा बंद करायचा ते मावशींना दाखवलं.

हे सगळं सांगितल्यावर सर म्हणाले, "मॅडम, तांत्रिक तपशिलात कशाला शिरता? वर सांगून झालंय."

"मग कारण बदलू. 'कालबाह्य' खोडून 'फक्त पडदे बंद केल्यामुळे' लिहिते, लगेच सही करते."

"पाहुण्यांना काय सांगू?"

"नवे येतील तेव्हा फीत कापा म्हणावं. तोवर हे हलणार नाहीत."

प्रॅक्टिकल त्याच बारा संगणकांवर झालं. फॉर्म अजून माझ्याच टेबलावर आहे. सही झाली का, असं ते अधूनमधून विचारतात. बिघाड कोणता लिहू, एवढंच मी विचारते.