एरंडेलाचा उपाय

एरंडेलाचा वास आला की आजही माझा हात आपोआप उजव्या कुशीवर जातो. मी तेव्हा बारावीत होते. आम्ही कसबा बावड्यात राहायचो, आणि साखर कारखान्याच्या मळीच्या वासानं आधीच मळमळत होतं, त्यात पोटात कळा सुरू झाल्या. शेजारच्या काकूंनी बघितलं आणि "बेंबी सरकलीया, दुसरं काय न्हाय," म्हणून दोन दिवस माझं पोट एरंडेलानं चोळलं. मी कळवळले की आई म्हणायची, "गप पड, त्यास्नी कळतंय." तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर आईवर खेकसले, "या वयाची पोरं सारखी येतात माझ्याकडं, आणि निम्मी घरी चोळूनच येतात." पुढं काकू शहाळं घेऊन दवाखान्यात आल्या. माझे टाके बघितले, पदर जरा सरकवला आणि स्वतःच्या पोटावरचा जुना व्रण दाखवला. "माझं बी फुटल्यालं की, तुझ्याच वयात." मी म्हटलं, "मग तरी तुम्हाला कळलं न्हाई?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तवा आमच्या आईनं गोडं तेल लावल्यालं. म्हणून तर तुला एरंडेल लावलं."