आधी नाना, मग टायर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी नाना मिस्त्रींचं नाव घेईन. जुन्या जालन्यात त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. जे काही जोडलं त्यावर आधी स्वतः बसून बघायचं, ही त्यांची रीत. खाट असो, ट्रॅक्टरची सीट असो, की जीपच्या मागचं स्टेपनीचं स्टँड. स्टँडवर टायरच्या जागी नाना बसायचे, वरचा बार धरायचे आणि ड्रायव्हरला ओरडून सांगायचे, "चल, खड्डे बघून घाल!" बाजारातलं कोणी हसून म्हणायचं, "नाना, टायर म्हातारं झालं की!" नाना तिथूनच उत्तर द्यायचे, "म्हातारं हाय, पण पंक्चर न्हाई."

ते जाफराबादकडच्या आमच्याच खेड्यातले, वडिलांचे मित्र. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. कॉलेजसाठी जालन्यात आलो तेव्हा दुकानामागची खोली त्यांनी मला दिली आणि बी.ए. होईपर्यंत ठेवून घेतलं. परीक्षा जवळ आली की सकाळी दहापर्यंत ते घणाला हात लावायचे नाहीत. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "जरा दम धरा. पोरगं वाचून राह्यलंय." बदल्यात मी त्यांना फक्त सही करायला शिकवलं. महिनाभर त्यांनी ती पाटीवर गिरवली.

बी.ए. होताच मी एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. दुष्काळी कामांची वर्षं होती. साहेबांची जीप रोज खेड्यांवर जायची आणि आत ठेवलेली स्टेपनी माणसांच्या पायात यायची. नव्या स्टँडला मंजुरी मिळत नव्हती. "कमी खर्चात कोणी करून देईल का?" साहेबांनी विचारलं. मी मोठ्या अभिमानानं नानांचं नाव सांगितलं.

नानांनी मोडक्या ट्रॉलीचा लोखंडी अँगल काढला. मी म्हणालो, "मागच्या फळक्यालाच ठोका ना, जल्दी होईल."

"फळका पत्र्याचा हाय, बाबू. भार टाकला की फाटतो. खालून चेसीच्या सांगाड्याला धरून आणू."

दोन दिवसांनी शेवटचा नट आवळून नाना स्टँडवर चढून बसले. "चल, एक फेरी मारू. लोखंड एकदा हललं की नट ढिले होतेत. मंग पुन्हा आवळायचे."

मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो, इस्त्रीच्या शर्टात. समोरच्या हॉटेलात कचेरीतले दोघं चहा पीत होते. त्यातल्या एकानं हाक मारली, "काय हो, मागे वडील बसवले का?"

"छे, मिस्त्री आहे तो," मी म्हणालो. मग मागे वळून नानांना म्हणालो, "नाना, उतरा. सरकारी गाडी आहे. बराबर नाही दिसत."

नाना उतरले. हात पुसत म्हणाले, "बरं. पण उद्या आण, आवळायला."

मी गाडी नेली नाही.

चौथ्या दिवशी जाफराबादच्या रस्त्यावर स्टँड निसटलं. टायर घरंगळत गेलं, मागून येणाऱ्या गाडीचे बैल बुजले आणि बैलगाडी चारीत कलंडली. माणसं वाचली. साहेब संतापले, "कोणी केलं हे काम?" मी नाव सांगितलं. चाचणी मीच होऊ दिली नाही, हे सांगितलं नाही. 'मिस्त्रीचे काम निकृष्ट आहे, यापुढे त्यास काम देऊ नये,' असा अहवाल माझ्याच अक्षरात लिहिला गेला. त्यावर नानांची सही आणायलाही मीच गेलो.

"वाच," नाना म्हणाले. मी वाचलं.

"निकृष्ट म्हंजे?"

"कच्चं."

'मी तर बसलोच होतो, तूच उतरवलंस,' एवढं तरी ते म्हणू शकले असते. म्हणाले, "तुझी नौकरी नवी हाय. दाखव, कुठं करू सही?"

मी शिकवलेली सही त्यांनी एकेक अक्षर दाबून केली.

गोष्ट बाजारात पसरली. जीपवाले दुसऱ्या दुकानांत जाऊ लागले. मी ती गल्ली टाळू लागलो. वर्षभरानं परभणीला बदली झाली, तेव्हा कुठे लिहायचं धैर्य आलं. समोर जाऊन बोलायचं तेव्हाही आलं नाही. पत्राची नक्कल माझ्याकडे आहे:

"तीर्थरूप नाना यांस, सविनय जयभीम.

स्टँड पडलं ती चूक माझी. तुम्ही चाचणीला बसला होता, मी उतरवलं. नट पुन्हा आवळायला गाडी आणायला सांगितलंत, मी आणली नाही. तुमच्या तेलकट कपड्यांची मला चारचौघांत लाज वाटली. नंतर नोकरीसाठी खोटं लिहिलं आणि तुमच्याकडून त्यावर सही घेतली. साहेबांनाही हे सगळं लिहून आजच्याच टपालानं पाठवलं आहे.

हे पत्र एकट्यानं वाचून घेऊ नका. दुकानात गिऱ्हाईक असताना, चार माणसांसमोर कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. आणि वाचून होईपर्यंत घण खाली ठेवा.

आपला,
बाबू"