पायरीवरून पडली म्हणून सांगितलं

त्या रविवारचं अजूनबी डोळ्यापुढून हालत न्हाई. आमच्या केसमधले फौजदार साहेब आता रिटायर झाले, जुन्या केसेस वहीत लिहून राह्यले. ते म्हणले, बाई, ही केस मी लिहिण्यापेक्षा तू तुझ्या शब्दांत लिही, नाव कोणाचं घालू नको. म्हणून लिहिते.

जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीकडं आमचं घर, मातीच्या भुईचं. गल्लीत टीव्ही आमच्याच घरी होता. रविवारी सगळी गल्ली अंगणात बसायची, मागच्यालाबी दारातून दिसावा म्हणून माझ्या मालकानं टीव्ही छातीइतक्या उंच लाकडी कपाटावर ठेवलेला. वाळवी लागू नये म्हणून कपाटाच्या चारी पायांखाली विटा. लोक यायच्या आधी मी भुई सारवून घ्यायची. पहारीनं कपाट जरासं उचलायचं, पुढच्या दोन विटा काढायच्या, सारवायचं, वाळलं की विटा परत लावायच्या. दर रविवारी असंच. त्या दिवशीबी तसंच केलं. कपाट पुढं वाकलेलं मला दिसत होतं, बिलकुल दिसत होतं, पण म्हणलं वाळू दे, वल्ल्यात विटा रुततील. आन हात धुवायला न्हाणीत गेल्ते.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला.

पोरगी माझी अडीच वर्षाची. खालचा खण ओढून त्यावर पाय देऊन चढली होती. ती खाली, तिच्यावर कपाट, टीव्ही पलीकडं. मालक बियाणं आणायला जालन्याला गेल्ते. मी आन आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, कपाट उचललं. कपाळातून रक्त. पण रडली. रडली म्हणून मला बरं वाटलं.

आत्याबाई म्हणल्या, "पायरीवरून पडली म्हण. टीव्हीचं नाव काढू नको, पोलिसाची भानगड लागंल, माझा लेक आत जाईल."

मी हो म्हणले. त्यांना लेकाचं भ्याव होतं, मला माझ्या विटांचं. विटांचं मी त्यांनाबी सांगितलं न्हाई.

गल्लीतून पायरी-पायरी सांगतच आम्ही पळालो. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, तिथंबी मी पायरीच सांगितली. त्यांनी डोकं बघितलं, टाके घातले, म्हणले झोपू द्या तिला. त्यांची चूक न्हाई. मी सांगितलं तेच त्यांनी धरलं.

इकडं शेजारच्या मावशीनं पोलीस चौकी गाठली. "साहेब, एवढंसं लेकरू पायरीवरून पडलं तर एवढा आवाज येतो का? त्या सुनंनंच काहीतरी केलं," म्हणली. साहेबांनी दोन पंच घेतले, आधी घर बघितलं, मंग दवाखान्यात आले. तवर दुपार झाल्ती.

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसा, चहा घ्या," साहेब म्हणले.

"मी न्हाई जात. सून अडाणी हाये, काहीबी बोलंल."

"म्हणून तर तिच्याशी बोलायचंय."

आत्याबाई बडबडत बाहेर गेल्या. साहेब बाकड्यावर बसले, मांडीवर कागद घेतला. मला वाटलं आता मारतेत. त्यांनी आवाजबी चढवला न्हाई.

"पायऱ्या किती हायेत तुमच्या?"

"दोन."

"बराबर. मीबी मोजल्या. टीचभर उंचीच्या. मंग टीव्ही खाटेवर गोधडीखाली कशाला झाकलाय?"

मी मांडीवरच्या पोरीवर पदर घातला.

"कपाटाच्या मागच्या पायांखाली विटा, पुढं न्हाईत. दोन्ही विटा दाराआड. भुई वल्ली. बाई, सारवत कोण होतं?"

मी म्हणले, "साहेब, मला जेलात घाला, पण आत्याबाईला सांगू नका."

त्यांनी पेन खिशात ठेवला. "केसचं मागून बघू. कपाट लेकराच्या अंगावर कुठं पडलं?"

"पोटावर."

"डॉक्टरला सांगितलं हे?"

"न्हाई."

ते उठले ते पळतच गेले. डॉक्टर आले, फ्रॉक वर केला, पोट फुगून दगडावाणी झाल्तं. मी तिला सकाळपासून मांडीवर घेऊन बसले होते, झोपली म्हणून गप होते. साहेबांनी स्वतःची जीप काढली, जल्दी जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं इचारलं, "लागून किती वेळ झाला?" मी म्हणले सकाळी. ते म्हणले, "मंग सकाळीच का न्हाई सांगितलं, पोटाला लागलं म्हणून?"

संध्याकाळी ती गेली.

साहेबांनी माझा जबाब घेतला, वाचून दाखवला, मी सही केली. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मी इचारलं, मला का न्हाई नेत? ते म्हणले, "कलमात बसंल असं काही सापडलं न्हाई." मंग म्हणले, "माझ्या नोकरीत खुन्यांपेक्षा घाबरलेल्या माणसांनी जास्त खोटं सांगितलं, बाई. आन तेच जास्त महागात पडलं."

आता मला पोरगा हाये, दीड वर्षाचा. खण ओढायला लागलाय. मालकानं कपाट लोखंडी पट्टीनं मागच्या भिंतीला खिळवलं, विटा काढून टाकल्या, वाळवी लागली तर लागू दे. टीव्ही खाली, बुटक्या ओट्यावर. अंगणातून लोक वरडतेत, "वैनी, मागं काय दिसत न्हाई!" मी म्हणते, मंग आत या. हळदीकुंकवाला गेले तरी आधी त्या घरचं कपाट हलवून बघते. बाया हसतेत, "आली बघा पंचनामा करायला." हसू द्या. हाललं तर मी सांगते, भिंतीला बांधा, जड सामान खाली ठेवा, खणाला कडी लावा. कोणी ऐकतं, कोणी न्हाई.

पण एवढं तरी ऐका. लेकराच्या अंगावर काही पडलंच, तर डॉक्टरला आधी खरं सांगा, काय पडलं आन कुठं पडलं. सासूला काय सांगायचं, गल्लीला काय सांगायचं, ते मागून ठरवा. त्याला येळ असतो.