ठोकायची राहिलेली फळी

भाईंदर सुटले आणि गाडीखालचा आवाज पोकळ झाला. वसईच्या खाडीवरचा पूल आला होता. समोरच्या बाईंनी खिडकीतून फुले टाकून हात जोडले. मी डोळे मिटून घेतले. या पुलावर मी बारा वर्षे रंगकामाचा मिस्त्री होतो. पेन्शनीत निघाल्यावर आज प्रथमच इकडे येत होतो.

पूल बांधणाऱ्यांची अक्कल थोर. ज्या चिखलात माणूस कमरेपर्यंत रुततो, तिथे त्यांनी लोखंडी खांब उतरवले. गर्डरचे एक टोक पक्के, दुसरे सरकते ठेवले, कारण उन्हात लोखंड वाढते. कडेने चालायला फळ्यांची वाट. मधल्या पाणजू बेटाचे लोक याच वाटेने ये-जा करतात. खारी हवा रंग खाते, म्हणून दर उन्हाळ्यात फळ्या उचलायच्या, खालचे लोखंड खरवडून रंगवायचे आणि फळ्या पुन्हा ठोकायच्या.

वसईला उतरून टांगा केला. पापडीपर्यंत दुतर्फा केळीच्या वाड्या आणि रहाटांची कुरकुर. उपासकाळ (ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस) चालू होता. कोणाकडे जायचे, असे टांगेवाल्याने विचारले. पुलावरच्या इनास चौकीदाराचे घर, मी म्हणालो.

"पिऊन खाडीत पडला, तोच ना?" तो सहज म्हणाला.

मी घोड्याच्या कानांकडे बघत राहिलो.

इनासची बायको कत्रीनबाय ओट्यावर बसली होती. तिने मला ओळखले, पाणी दिले, बशीत सुकेळी (वाळवलेली राजेळी केळी) ठेवली. मी त्यांना हात लावला नाही. उभ्यानेच सांगून टाकले.

"रंग ओला होता. फळ्या नुसत्या ठेवा, उद्या ठोकू, असं मीच म्हटलं होतं. पहाटे इनास होड्यांसाठी लावलेला कंदील विझवायला गेला आणि फळी उलटली. साहेब यायच्या आत मी ती ठोकून टाकली. जबाबात लिहिलं, चौकीदार दारू प्यायला होता."

ही गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीची, अशाच उपासकाळातली. तो जबाब लिहायला मला पाव तासही लागला नव्हता.

कत्रीनबायने बशी बाजूला सारली.

"मला काय सांगता, मिस्त्री? उपासात तो ताडीला शिवत नसे, हे मला ठाऊक होतं. गावाला वाटलं, उपास मोडला म्हणून देवानं नेला. त्याची आई मरेपर्यंत त्याच्या नावाची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) सांगायला लाजली." ती उठली. "उद्या रविवार आहे. मिस्सा सुटली की देवळासमोर सांगा."

संध्याकाळची गाडी मिळाली असती. मी वसईच्या धर्मशाळेत राहिलो.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, पायऱ्यांखाली उभा राहून तेच सांगितले. माझ्यावर कोणी हात उगारला असता तर बरे झाले असते. काहींनी कत्रीनबायकडे पाहिले आणि माना खाली घातल्या. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारले, "आता तिथल्या फळ्या तरी ठोकलेल्या असतात का?"

मला माहीत नव्हते. कत्रीनबाय मागे न बघता घरी गेली.

परतताना मी वसईला गाडीत बसलो, पण नायगावला उतरलो. पुलावरच्या नव्या चौकीदाराला मी जुना मिस्त्री असल्याचे सांगितले, तेव्हा त्याने सोडले. मी गुडघ्यांवर बसून एकेक फळी तळव्याने दाबत निघालो. खाली ओहोटीचा काळा चिखल उघडा पडला होता. पाणजूच्या दोन बायका डोक्यावर पाट्या घेऊन आल्या.

"काय पडलं, बाबा?" एकीने विचारले. "खाली गेलं असेल तर आता भरतीलाच विचार."

दुसरी हसली. मी कठड्याला चिकटून त्यांना वाट दिली.

पुढे एका फळीचा खिळा वर आलेला दिसला. दाबली तर फळी हलली. माझ्याजवळ हातोडी नव्हती. मी चौकीदाराला हाक मारली आणि तो येईपर्यंत त्या फळीवर बसून राहिलो.