बंद गाडी हलते कशी?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई. मी जो पराक्रम केलाय ना, तो ऐकताना मध्येच तुमचं हसू आटेल. माझं तर अजून आटलेलंच आहे.

दोन हजार अठरा साल संपत आलं होतं. आमच्या डहाणू-तलासरीकडे जमीन हलायला लागली होती, आठवतंय? खालून 'धड्‌' असा आवाज यायचा आणि पत्रे थडथडायचे. लोक घराबाहेर ताडपत्री बांधून राहत होते. शाळेतली मुलं मी मैदानात बसवून शिकवत होते. भिंतीला रोज नवीन भेग दिसायची.

सासूबाईंनी तर घरात पाय ठेवणंच सोडलं.

"मी गाडीत बसते," म्हणाल्या. "पत्र्याची का होईना, भिंती तर नाहीत तिला!"

झालं! अंगणात आमची दहा वर्षं जुनी गाडी, मागच्या सीटवर सत्तर वर्षांच्या आमच्या आई, मांडीवर तांदळाचं सूप. निवडणं, डुलकी, शेजारणीशी गप्पा, सगळं गाडीत.

पण गाडीचे शॉकअप गेलेले. आईंनी कूस बदलली की गाडी डुलायची, आणि आई "आला! आला!" करत बाहेर. स्वतःच हलवायच्या, स्वतःच पळायच्या! दिवसातून आठ वेळा! एकदा पडल्या असत्या तर?

म्हणून गाडी नेली हसमुखभाईकडे. गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या अलीकडे, हायवेला त्याचं गॅरेज. त्याने बॉनेट दाबून सोडलं. गाडी वर-खाली, वर-खाली, थांबेचना.

"बेन, ही गाडी आहे की पाळणा? पुढचे स्ट्रट गेले, मागचे जंपर गेले. तेल सगळं गळून गेलंय." स्ट्रट काय नि जंपर काय, दोन्ही आपले शॉकअपच हो, त्याच्याकडे तसं म्हणतात.

चारही नवीन बसवले. गाडी अशी घट्ट झाली की आईंनी आत फुगडी घातली असती तरी हलली नसती.

आणि तिसऱ्या दिवशी आई म्हणतात, "अगं, ही पुन्हा झोके घेते."

"तुम्ही हलला असाल."

"मी? मी श्वास रोखून बसलेय!"

मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. पाच मिनिटांनी खरंच गाडी हलली की! हळूच, पण हलली.

तुम्ही म्हणाल, बाई, भूकंप असेल ना तो! अहो, मलाही आलं मनात. तशी धावत घरात गेले. आमच्याकडे खूण एकच, मांडणीवरची भांडी. भांडी वाजली तर भूकंप. एकही भांडं वाजत नव्हतं.

वाजणार कुठून? पडून पोचे यायला नकोत म्हणून सगळी भांडी मीच आदल्या आठवड्यात साड्यांत गुंडाळून पोत्यात भरली होती. मी, एवढी शिक्षिका, रिकाम्या मांडणीसमोर उभी राहिले आणि ठरवलं, भांडी गप्प आहेत, म्हणजे जमीन गप्प आहे. म्हणजे दोष शॉकअपचा!

आमच्या ह्यांनी वर तेल ओतलं. "जुनेच पुसून, रंग मारून घातले असतील. तुला काय कळतंय?"

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईंना घेऊन थेट गॅरेजात. चार गिऱ्हाइकं उभी, त्यांच्यादेखत सुरू झाले. "हसमुखभाई, लोक आधीच घाबरलेत, आणि तुम्ही फसवता?"

त्याचा चेहरा उतरला. त्याने बॉनेट दाबलं. गाडी एकदा खाली, एकदा वर, बस्स.

"बघा बेन. एकदम टाइट."

"इथे नाही हलत. आमच्या अंगणात हलते."

"तुमच्या अंगणात तर सगळंच हलतंय, बेन."

"चेष्टा नको! खाली जाऊन बघा. माझ्यासमोर."

"बघितलंय बेन..."

"मग परत बघा!"

आई म्हणाल्या, "जाऊ दे गं." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, आई."

त्याने जॅक लावला, गाडी उचलली, पोतं अंथरलं आणि शिरला खाली. बाहेर नुसते पाय दिसत होते.

आणि धड्‌!

टायरची चळत कोसळली. पत्रे वाजायला लागले. गिऱ्हाइकं हायवेकडे पळाली. आणि मी काय केलं? सांगायची लाज वाटते. मी गाडीकडे बोट दाखवून ओरडले, "बघा! बघा! हलतेय की नाही?"

जिंकले होते ना मी!

जॅक तिरपा होताना मला दिसला नाही. आईंना दिसला. ज्या बाईला जमिनीवर बसलं की उठायला दोन माणसं लागतात, तिने हसमुखभाईचे दोन्ही पाय धरले आणि त्याला ओढून बाहेर काढलं. पुढच्या क्षणाला जॅक निसटला आणि गाडी धप्पकन चाकांवर बसली. खाली वीतभर जागा उरली. माणसाची छाती वीतभरात मावत नाही हो.

गाडी एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि स्तब्ध उभी राहिली. शॉकअप अगदी उत्तम होते.

हसमुखभाई जमिनीवर बसला होता. कोपर सोललेलं. सदऱ्याची धूळ झटकत होता. मग म्हणाला, "बेन, मागचे बघायचे राहिले."

मी हात जोडले. दुसरं काय करणार होते?

मग गाडीचं दार उघडून म्हटलं, "चला आई. परत भूकंप आला म्हणजे?"

आई हसमुखभाईच्या शेजारी जमिनीवर टेकल्या होत्या. उठेचनात.

"येऊ दे," म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा तो परवडला. तो माणसाला आधी गाडीखाली झोपायला लावत नाही."